वर्गणी की देखरेख: जिल्हा परिषद शाळांतल्या ‘लोकसहभागा’ची पार्श्वभूमी

शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवणारे मास्तर शेतकरी वर्गातूनच यावेत, म्हणजे त्यांना या लोकांत मिसळता येईल, त्यांच्या गरजा कळतील, अशी मागणी 1882 साली शिक्षण आयोगापुढे पुण्याहून झाली होती. 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना महिना एक रुपया दंड ठरला. 1962 साली जिल्हा परिषदा आल्या. पालकाला शाळेच्या कारभारात हक्काची खुर्ची मिळायला मात्र आणखी जवळपास पन्नास वर्षं लागली.

मधल्या काळात ग्रामशिक्षण समित्या होत्या, पण त्या गावाच्या, पालकांच्या नव्हे. ज्याचं मूल तालुक्याच्या इंग्रजी शाळेत, तोही गावच्या शाळेचा कारभारी होऊ शकत असे. 1 एप्रिल 2010 ला शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि चित्र निदान कागदावर पालटलं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला, वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. खासगी विनाअनुदानित शाळांना हे कलम लागू नाही. तिथला पालक-शिक्षक संघ वेगळा आणि त्याचं भांडण मुख्यतः फीचं; चर्चेत मात्र दोन्हींची हमखास सरमिसळ होते.

केंद्राच्या 2010 च्या नमुना नियमांत समितीला दोन कामं शेजारी-शेजारी दिली आहेत. शिक्षक नियमित आणि वेळेवर येतात का, ते पाहायचं. आणि जनगणना, निवडणूक, आपत्ती यांपलीकडची अशैक्षणिक कामं त्यांच्या गळ्यात मारली जात नाहीत ना, तेही पाहायचं. पहिलं सगळ्यांच्या लक्षात राहिलं. 2019 मध्ये शिक्षक मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावीच, राहतात याला ग्रामसभेचा ठराव मागितला जाऊ लागला, तेव्हा तर त्यांच्या घरभाडे भत्त्याची किल्लीच गावाच्या हाती आली. दुसऱ्या कामासाठी कुठल्या समितीने तहसीलदाराकडे ठराव धाडल्याचं क्वचितच कानावर येतं. खरं तर गुरुजी आणि पालक एका बाजूला येण्याची जागा तीच होती.

त्यात ‘लोकसहभाग’ या शब्दाने घोळ वाढवला. कायद्याच्या लेखी पालकांचा सहभाग म्हणजे देखरेख, शाळेचा विकास आराखडा, अनुदानाच्या खर्चावर नजर. शाळेच्या व्हरांड्यात मात्र लोकसहभाग म्हणजे वर्गणी. 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर डिजिटल वर्गांची लाट आली. प्रोजेक्टर आले, टॅब आले, भिंती रंगल्या आणि खाली ओळ आली, ‘लोकसहभागातून’. लोकांनी आपुलकीने पैसे दिले, कित्येक शिक्षकांनी पदरमोड केली, हे नाकारता येत नाही. पण सहभाग रुपयांत मोजला की ज्याच्याकडे द्यायला काही नाही तो पालक हिशेबातून गळतो. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेलं जोडपं परततं तेव्हा शाळेचं वर्ष संपत आलेलं असतं. मधल्या मासिक सभांना ते कुठून येणार? जे गावातच आहेत त्यांच्यासाठी दिवसाची सभा म्हणजे बुडालेली मजुरी. मग इतिवृत्ताची वहीच घरोघरी फिरते आणि सह्या पूर्ण होतात. (महिला सदस्याची सही तिच्या घरचा पुरुष करतो, हा आणखी एक प्रकार.)

सप्टेंबर 2023 मध्ये दत्तक शाळा योजना आली: देणगीदाराने शाळेची जबाबदारी पाच किंवा दहा वर्षांसाठी घ्यायची, शाळेला त्याचं नाव जोडण्याची मुभा. वर्गणीचा तर्क पुढे नेला की तो इथेच पोचतो. त्याच सुमारास कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याचा, म्हणजे अशा छोट्या शाळा एकत्र करून एकच मोठी शाळा चालवण्याचा, विषय निघाला. या वेळी मात्र पालक आणि शिक्षक विरोधात एकत्र उभे राहिले. पालकांना लेकरांची पायपीट नको होती, शिक्षकांना पदं जायला नको होती.