मुलांचा टीबी आणि बंदी आलेली रक्ततपासणी

लहान मूल बेडका थुंकत नाही, गिळते. त्यात मुलांच्या टीबीत जंतू मुळातच थोडे. म्हणून पहाटे उपाशीपोटी नाकातून नळी घालून जठरातला द्रव काढायचा आणि कल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याच्या, निकालासाठी आठवडे मोजायचे. अशा वेळी चमचाभर रक्तात उत्तर देणारी तपासणी कोणाला नको असेल?

जंतूविरुद्ध शरीर रक्तात तयार करते त्या प्रथिनांवरून, म्हणजे प्रतिपिंडांवरून (अँटीबॉडी), क्षय ओळखण्याची खटपट १८९८ पासूनची. प्रतिपिंडे मोजणारे तयार एलायझा किट आल्यावर तिचा बाजार झाला. भारतातल्या खासगी लॅबमध्ये वर्षाला सुमारे १५ लाख तपासण्या होत असल्याचा अंदाज होता. सरकारी कार्यक्रमात मात्र त्यांना जागा नव्हती.

जुलै २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेकडून स्पष्ट सल्ला आला: सक्रिय टीबीच्या निदानासाठी ही तपासणी वापरू नका. जून २०१२ मध्ये केंद्र सरकारने किटची आयात, निर्मिती, विक्री आणि वापर, सगळ्यावरच बंदी घातली. आक्षेप साधा होता. पर्याय हातात नसताना आहे ते का काढून घ्यायचे? मुलांच्या बाबतीत तो अगदीच पोकळ नव्हता, कारण नमुन्यात थेट जंतूची जनुके शोधणाऱ्या जलद जनुकीय तपासणीची मुलांसाठीची शिफारस २०१३ मध्ये आली. तरीही बंदी योग्यच होती. जंतूचा संसर्ग अनेकांना होतो, आजार थोड्यांना. प्रतिपिंडे हा फरक दाखवत नाहीत. कुपोषित किंवा एचआयव्हीबाधित मुलात ती पुरेशी तयार होतीलच असे नाही. म्हणजे एका घरी धडधाकट मूल सहा महिने गोळ्या घेणार, आणि दुसऱ्या घरी मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचलेला टीबी ‘निगेटिव्ह’ कागदामागे दडून राहणार.

खरा गुंता ‘टीबीची ब्लड टेस्ट’ या शब्दांत आहे. बंदीनंतरही हे शब्द कानावर पडतात, कारण ‘टीबी गोल्ड’ नावाची तपासणीही रक्तावरच होते. ती प्रतिपिंडे मोजत नाही. जंतूची ओळख असलेल्या रक्तातल्या पेशी इंटरफेरॉन गॅमा हे प्रथिन सोडतात का, ते पाहते. त्यामुळे ती बंदीत बसत नाही. पण सुप्त संसर्ग आणि चालू आजार यांतला फरक तिलाही सांगता येत नाही. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की आई घरी सांगते, ‘रक्तात टीबी निघाला.’ तो अर्थ त्या कागदात नसतो.

आता मुलांच्या शौचाच्या नमुन्यावरही जनुकीय तपासणी करता येते. गिळलेला बेडका अखेर तिथेच पोहोचतो.