गृहकर्ज मंजूर झाले, पण पैसे सुटलेले नाहीत: मधल्या काळात काय टाळावे

सँक्शन लेटर म्हणजे कर्जमंजुरीचे पत्र आले की कर्ज झाले, असे बहुतेकांना वाटते. पण ते पत्र अटींसह असते आणि त्याला मुदतही असते. चेक निघण्यापूर्वी बँक अर्जदार आणि घर या दोघांचीही पुन्हा तपासणी करू शकते. महाराष्ट्रातली बरीच प्रकरणे याच टप्प्यावर अडतात.

पात्रता ठरते ती अर्जाच्या वेळचा पगार आणि चालू हप्ते पाहून. त्यामुळे ताबा मिळण्याआधीच हप्त्यावर फ्रिज-सोफा घेणे, गाडीचे कर्ज काढणे किंवा कुणाला जामीन राहणे महागात पडते. ‘नो कॉस्ट ईएमआय’ हेही कर्जच, आणि ते सिबिलमध्ये, म्हणजे आपल्या कर्जांच्या नोंदीत, दिसते. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षे मुदत धरली, तर लाखाला सुमारे ८६८ रुपये हप्ता बसतो. म्हणजे १० हजारांचा नवा हप्ता लागला की पात्रता साधारण साडेअकरा लाखांनी घसरते. नोकरी बदलणे टळत नसेल तर बँकेला आधी सांगा. लपवलेला बदल पडताळणीच्या फोनवर उघड होतो आणि मग फाइल पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

सर्वांत जास्त गफलत स्वतःच्या हिश्श्यात होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतचे कर्ज किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ७५ लाखांपर्यंतचे ८० टक्के आणि त्यापुढचे ७५ टक्के मिळते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी सहसा या किमतीत धरत नाहीत. पुण्यात ६० लाखांचा फ्लॅट घेतला तर कर्ज ४८ लाख, आपला हिस्सा १२ लाख, वर ७ टक्क्यांनी मुद्रांक शुल्क ४ लाख २० हजार आणि नोंदणी ३० हजार. म्हणजे साडेसोळा लाख हाताशी हवेत. घर फक्त महिलेच्या नावावर असेल तर शुल्कात १ टक्का सवलत मिळते. पतीचे नाव खरेदीदार म्हणून घातले की ती जाते. तो सहकर्जदार राहू शकतो.

हा हिस्सा खात्यातूनच द्या आणि पावती घ्या. घरव्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख चालत नाही, आणि रोख दिलेले बँक हिशेबात धरत नाही. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर पूर्ण किमतीवर १ टक्का टीडीएस (विक्रेत्याच्या वतीने सरकारला द्यायचा कर) कापून खरेदीदाराने भरायचा असतो. वरच्या उदाहरणात ते ६० हजार होतात, आणि विक्रेत्याला तेवढे कमी द्यायचे असतात. विक्रेता अनिवासी असेल तर नियम वेगळे आहेत, तिथे सीए गाठाच.

करारनामा नोंदवण्याआधी मसुदा बँकेच्या वकिलाला दाखवा. पॅन-आधारवरचे नाव, फ्लॅट क्रमांक, कार्पेट क्षेत्र, सर्व्हे किंवा सीटीएस (नगर भूमापन) क्रमांक अक्षरशः जुळवा. एक आकडा चुकला तरी चूक दुरुस्ती दस्तासाठी दोन्ही पक्षांना पुन्हा दुय्यम निबंधकाकडे जावे लागते, आणि पैसे हाती पडल्यावर विक्रेता सहजी येत नाही. रेरा या गृहप्रकल्प कायद्याखालच्या प्रकल्पात नोंदणीकृत कराराशिवाय बिल्डर १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. टोकन देताना ‘कर्ज न मिळाल्यास रक्कम परत’ हे लिहून घ्या.

कागदपत्रे: नोंदणीकृत करार, सूची क्रमांक २ (नोंदणी झाल्याचा उतारा, ‘इंडेक्स टू’), मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, सातबारा किंवा मिळकत पत्रिका. पुनर्विक्रीत आधीच्या करारांची सगळी साखळी, सोसायटीची एनओसी आणि शेअर सर्टिफिकेटही. साखळीतला एक जुना करार हरवलेला निघणे ही नेहमीची अडचण, म्हणून मूळ प्रती टोकनआधीच डोळ्यांनी पाहा. विक्रेत्याचेच कर्ज चालू असेल तर त्याच्या बँकेकडून फोरक्लोजर पत्र (कर्ज बंद करायला किती भरावे लागेल ते सांगणारे) आणि तिथे ठेवलेल्या कागदांची यादी मागवा. तुमची बँक थकबाकी थेट तिकडे भरते, उरलेली रक्कम विक्रेत्याला देते.

मूळ कागद तारण ठेवल्यावर ३० दिवसांत नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे तारणाची सूचना, नोंदणी खात्याकडे दाखल करावी लागते. ते ऑनलाइन होते. बँकेने केले असे गृहीत न धरता पावती मागून घ्या.