मीटर कॅलिब्रेट आहे, पण आज गॅस दाखवलात का?

परळच्या गल्लीत मॅनहोलच्या तोंडाशी उभं राहून मी विचारतो, "बम्प टेस्ट झाली का?" सुपरवायझर गॅस मोजायचा मीटर उलटा करून पाठीवरचा स्टिकर दाखवतो: कॅलिब्रेशन, मार्च. आणि आज ऑगस्ट! विचारलं काय, दाखवतोय काय.

चार गॅसचा (ऑक्सिजन, ज्वालाग्राही गॅस, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड) मीटर कसा चालवायचा ते तुम्हाला येतं, ते सोडून देऊ. कॅलिब्रेशनही ठाऊक आहे: ठरावीक प्रमाणाचा गॅस द्यायचा आणि मीटरचा आकडा त्या प्रमाणावर आणून बसवायचा. सेन्सर जुना होतो तसा मंदावतो, २५ पीपीएम (दहा लाखात २५ भाग) हायड्रोजन सल्फाइडला, म्हणजे गटारातल्या विषारी वायूला, २१ म्हणू लागतो, त्याला परत २५ वर आणायचं. बम्प टेस्टमध्ये काहीही बसवायचं नसतं. गॅस थोडा वेळ द्यायचा आणि बघायचं, आकडा चढतोय का, अलार्म वाजतोय का, मीटर थरथरतोय का. सिलिंडर तोच, रेग्युलेटर तोच, नळी तीच, म्हणून दोन्ही एकच वाटतात.

खरी गोम शून्यात आहे. ऑक्सिजन २०.९ टक्के आणि बाकी तिन्ही शून्य दिसले की लोक निर्धास्त होतात. अहो, मेलेला सेन्सरही स्वच्छ हवेत शून्यच दाखवतो! एलईएलच्या, म्हणजे ज्वालाग्राही गॅस मोजणाऱ्या, सेन्सरमधल्या तापलेल्या मण्यावर तो गॅस जळतो, त्यावरून आकडा येतो. शेजारी कुणी सिलिकॉनचा स्प्रे मारला की मणी निकामी होऊ शकतो, आणि मीथेन समोर असला तरी पडद्यावर शून्यच. भाजीवाल्याचा काटा अडकला असेल तर रिकामं पारडंही बरोबरच दिसतं. किलोचं वजन ठेवल्याशिवाय कळत नाही. बम्प टेस्ट हे ते वजन.

गेल्या पावसाळ्यात एक मीटर माझ्या हातात आला, सर्टिफिकेट जेमतेम तीन आठवड्यांचं. २५ पीपीएमचा गॅस लावला. मिनिटभर हायड्रोजन सल्फाइड शून्यावर ढिम्म. सेन्सरवरच्या फिल्टरला चिखलाचा पापुद्रा बसला होता. फिल्टर बदलला, २४ आला. सर्टिफिकेट खोटं नव्हतं, ते त्या दिवसापुरतं होतं. आणि वासावर विसंबून राहायचं म्हणाल, तर १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं.

म्हणून माझा हट्ट: बम्प टेस्ट रोज, माणूस उतरण्याआधी. नापास झाली तर कॅलिब्रेशन, तेही जमेना तर सेन्सर बदला. उलट बाजूही लक्षात ठेवा, अलार्म वाजला म्हणजे आकडा अचूक आहे असं नाही. त्यासाठी ठरल्या वेळी कॅलिब्रेशन हवंच. आणि लायटरचा गॅस सोडून 'टेस्ट' करणाऱ्यांना हात जोडून सांगतो, त्यानं एलईएलचा सेन्सरच बिघडू शकतो.

झीरो करणं, म्हणजे समोरची हवा स्वच्छ धरून मीटरला शून्यावर आणणं, हे तिसरंच. पंपाचं इंजिन धडधडत असताना त्याच्या धुरात उभं राहून झीरो केला आणि तिथे कार्बन मोनॉक्साइड १५ पीपीएम असला, तर मीटर त्या १५ लाच शून्य धरतो. मग खाली ४५ असला तरी ३० दाखवेल, आणि ३५ ला वाजणारा अलार्म गप्प राहील. झीरो करायचा तर इंजिन बंद ठेवा, किंवा गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जा.