डी.फार्मचे 500 तास: शिकवतं कोण, सही कोण करतं

दुसऱ्या वर्षाची परीक्षा झाली की ठाण्यात नौपाडा, कळवा, पलीकडे वाशी-नेरुळपर्यंत मेडिकलच्या काउंटरमागे डी.फार्मची (फार्मसीच्या डिप्लोमाची) नवी पोरं सक्तीच्या 500 तासांच्या ट्रेनिंगसाठी दिसायला लागतात आणि बोलणं एकच, तुला सर कसे मिळाले, काही शिकवतात का नुसते खोके उचलायला लावतात. ही तक्रार आजची नाही.

1948 चा फार्मसी ॲक्ट आला तेव्हा फार्मासिस्टांच्या पहिल्या रजिस्टरमध्ये पाच वर्षं कंपाउंडिंग, म्हणजे औषधं मिसळून तयार करायचं काम, केलेल्यांनाही जागा होती, म्हणजे कामातून शिकलेला माणूस चालत होता. पुढे डिप्लोमा आला. पण आत्ताच्या भांडणाचं मूळ डिप्लोमाच्या 1991 च्या नियमांत आहे. किमान तीन महिन्यांत 500 तासांचं ट्रेनिंग, त्यातले निदान 250 तास प्रत्यक्ष प्रिस्क्रिप्शन डिस्पेन्सिंगचे, म्हणजे चिठ्ठीप्रमाणे औषध देण्याचे, आणि शिकवणाऱ्याला शब्द वापरलाय अप्रेंटिस मास्टर.

गुंता इथेच झाला. एकच फार्मासिस्ट असेल तिथे जास्तीत जास्त दोन विद्यार्थी, पुढे प्रत्येक जादा फार्मासिस्टमागे एक, म्हणजे मास्टर हा रजिस्टर्ड फार्मासिस्टच असणार हे धरलेलं. पण तेव्हा कितीतरी दुकानांत सर्टिफिकेट भिंतीवर आणि फार्मासिस्ट भलतीकडे नोकरीला. मी ठाण्यात ज्या दुकानात ट्रेनिंग केलं तिथे फॉर्मवर ज्यांची सही आहे त्यांना मी तीन महिन्यांत दोनदा पाहिलं. शिकवलं काउंटरवरच्या काकांनी, ज्यांच्याकडे डिप्लोमा नव्हता. एका आजींच्या चिठ्ठीवरचं नाव लागेना तर काकांनी अंदाजाने स्ट्रिप काढली नाही, आधी विचारलं, "आजी, हे शुगरचं की प्रेशरचं?" आणि तरी खात्री वाटेना म्हणून डॉक्टरांना फोन लावला. हे मी अजून विसरलो नाही. पण लहान मुलांच्या सिरपच्या बाटलीत पाणी कुठल्या खुणेपर्यंत घालायचं ते काकांना पाठ होतं, मुलाच्या वजनावरून डोस कसा काढायचा हे विचारायला मात्र समोर कुणीच नव्हतं. मग ते तास त्या 250 मध्ये धरायचे का? काही जण म्हणतात धरा, काम तर शिकलाच ना. मला ते पटत नाही, नियमात डोस तपासणं स्पष्ट लिहिलंय आणि तेच राहून गेलं. काकांबद्दल माझ्या मनात आदरच आहे, चूक सही करून गायब होणाऱ्याची.

2012 च्या आसपास राज्यात दुकानांच्या तपासण्या कडक झाल्या, फार्मासिस्ट हजर दिसायला लागले. 2020 च्या नव्या नियमांतही 500 तास राहिले, 2022 मध्ये एक्झिट एक्झामचा, म्हणजे डिप्लोमानंतर रजिस्ट्रेशनसाठी द्यायच्या परीक्षेचा, नियम आला. आता चेन स्टोअर्समध्ये फार्मासिस्ट समोर असतो, पण बिलिंग, होम डिलिव्हरीचे फोन, ॲपच्या ऑर्डरी यात त्याला मान वर करायला फुरसत नाही, पोरं बारकोड स्कॅन करतात आणि एक्स्पायरीचा माल वेगळा काढतात. हॉस्पिटल फार्मसी मिळालेली मुलं त्यामानाने खूष असतात, वॉर्डचे इंडेंट, म्हणजे औषधांच्या मागण्या, बघायला मिळतात, विचारायला माणूस असतो.

आणि आता कॉलेजं फीडबॅक फॉर्म भरून घेतात. नेरुळच्या एका मुलीने मला तिचा दाखवला, सुपरवायझरच्या सगळ्या रकान्यांत "उत्तम". का गं, म्हटलं, तर म्हणाली, सर्टिफिकेटवर सही अजून बाकी आहे. फॉर्म सहीनंतर घ्या आणि परस्पर कॉलेजात घ्या, एवढं तरी या वर्षीच्या बॅचपासून करता येईल.