एफआयआरऐवजी डायरीतली नोंद: एका नियमामागचा इतिहास

सोळा वर्षांच्या मुलाने एकट्याने मोबाइल चोरला, तर त्याच्यावर एफआयआर होत नाही आणि सहसा त्याला ताब्यातही घेत नाहीत. पोलिसांनी डायरीत नोंद करायची, नमुना 1 मध्ये सामाजिक पार्श्वभूमी अहवाल भरून बाल न्याय मंडळाकडे पाठवायचा आणि मुलाला कधी हजर करायचं ते पालकांना कळवायचं. बाल न्याय कायद्याखालच्या 2016 च्या आदर्श नियमांतला आठवा नियम तसं सांगतो.

इथवर यायला दीडशेहून अधिक वर्षं लागली. 1850 च्या अप्रेंटिस कायद्याने किरकोळ गुन्ह्यातली 10 ते 18 वर्षांची मुलं धंदा शिकायला बांधून देण्याची सोय केली. 1876 मध्ये सुधारशाळांचा कायदा आला, 1924 मध्ये मुंबईचा बालक कायदा. टिळक-आगरकरांनी 1882 मध्ये 101 दिवस काढले, त्या डोंगरीच्या तुरुंगाचं पुढे मुलांसाठीचं निरीक्षणगृह झालं. कैदी बदलले, भिंती त्याच राहिल्या. मुलाला ठेवायचं कुठे, एवढाच विचार तेव्हा होत होता.

मुळात पकडायचं कशाला, हा प्रश्न ठळकपणे मांडला तो संयुक्त राष्ट्रांच्या 1985 च्या बीजिंग नियमांनी. आपल्या 1986 च्या बाल न्याय कायद्यात त्याचं प्रतिबिंब अपुरंच होतं, मुलग्यांची वयोमर्यादा तर सोळाच. 2000 च्या कायद्याने ती सर्वांसाठी अठरा केली. बलात्कार किंवा खुनासारखा गंभीर गुन्हा नसेल आणि सोबत प्रौढ नसेल, तर एफआयआर नको, हे 2007 च्या नियमांत आलं. 2015 च्या कायद्याने शिक्षेनुसार गुन्ह्यांचे किरकोळ (तीन वर्षांपर्यंत), गंभीर (तीन ते सात वर्षं) आणि निर्घृण (किमान सात वर्षं) असे तीन वर्ग पाडले. जास्तीत जास्त शिक्षा सात वर्षांहून अधिक, पण किमान शिक्षा ठरलेली नाही, असे गुन्हे मात्र यातून सुटले होते. ते गंभीर वर्गातच धरावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलं.

मंडळ समज देऊन घरी पाठवू शकतं, समुपदेशन किंवा समाजसेवा सांगू शकतं, परिविक्षेवर, म्हणजे देखरेखीखाली, सोडू शकतं. किरकोळ प्रकरणाची चौकशी चार महिन्यांत आणि मुदतवाढ मिळाली तरी आणखी दोन महिन्यांत संपली नाही, तर ती बंद होते.

घोळ होतो तो आधीच, पोलीस ठाण्यात. नमुना 1 मध्ये शाळा का सुटली, घरी कोण कमावतं, मुलाला कुणी वापरून घेतलं का, हे विचारलेलं असतं. तिथे ‘परिस्थिती गरीब’ एवढंच लिहिलं, तर मंडळाला निर्णयासाठी काही हातात राहत नाही. त्याहून वाईट म्हणजे अंदाजाने लिहिलेलं ‘वय 19’. तेवढ्याने मूल थेट प्रौढांच्या कोठडीत जातं. म्हणून पालकांनी शाळेचा जन्मतारखेचा दाखला पहिल्याच दिवशी द्यावा. तो किंवा दहावीचं प्रमाणपत्र नसेल तर पालिका-पंचायतीचा जन्मदाखला, आणि यांतलं काहीच नसेल तरच हाडांची तपासणी.