माउंटन बाइक घेतली; आता सोबत काय घ्यायचं?

सोलापुरात पहिल्यांदाच माळावर सायकल काढणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

माउंटन बाइकच्या सामानाच्या याद्या बहुतेक वेळा थंड, पावसाळी, डोंगराळ मुलखासाठी केलेल्या असतात. आपल्याकडे डोंगर कमी आणि माळ जास्त. हिप्परगा तलावाच्या आसपासच्या मुरमाड वाटा, कॅनॉलच्या कडेचा रस्ता, फार तर सुट्टीच्या दिवशी तुळजापूरकडची चढण. इथं नवा माणूस अर्ध्या वाटेतून सायकल ढकलत परत येतो तो काट्यामुळं किंवा उन्हामुळं. म्हणून आमचा क्रम असा: आधी डोकं, मग पंक्चर, मग पाणी. या तीन गोष्टी साडेतीन ते साडेचार हजारांत नीट बसतात. बाकीचं सामान महिन्या-दोन महिन्यांनी, आपण खरंच किती सायकल चालवतो ते कळल्यावर घ्यावं. (खाली दिलेल्या किमती अंदाजे आहेत. थोड्या वर-खाली होतील.)

हेल्मेट

दीड ते दोन हजारांत चांगलं हेल्मेट मिळतं. पाच हजारांचं हेल्मेट हलकं असतं आणि त्यात वारा जास्त खेळतो. पण दोन्हींवर तोच मानकाचा शिक्का असेल, तर किमान चाचणी दोघांनीही पार केलेली असते. आतल्या बाजूला ‘ईएन १०७८’ किंवा ‘सीपीएससी’ असं लिहिलेलं शोधा. वरून चकचकीत प्लास्टिक आणि आत नुसता स्पंजचा तुकडा असलेली चार-पाचशे रुपयांची हेल्मेट रस्त्याकडेला मिळतात. धक्का शोषायचं काम आतला कडक थर्माकोलसारखा थर करतो. तोच नसेल तर ती टोपीच.

घरात मोटरसायकलचं हेल्मेट आहे, तेच चालेल का, असं बरेच जण विचारतात. नाही चालणार. ते किलोभराच्या वर भरतं, तर सायकलचं तीनशे-चारशे ग्रॅमचं असतं. शिवाय एप्रिलमध्ये चढावर त्यात डोकं अक्षरशः उकडतं आणि दहा मिनिटांत ते हँडलला लटकवलं जातं.

माप घेताना शिलाईची टेप कपाळावर, भुवयांच्या वर दोन बोटांवरून फिरवा. जो आकडा येईल तो हेल्मेटच्या आत छापलेल्या मापात बसला पाहिजे, उदाहरणार्थ ५४ ते ५८ सें.मी. मागची चकती आवळून, पट्टा न लावता डोकं खाली करून हलवा; हेल्मेट पडलं तर ते मोठं आहे. दोन्ही पट्टे कानाच्या खाली इंग्रजी ‘व्ही’सारखे जुळावेत. हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील इतकीच सैल जागा ठेवा. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे हेल्मेट मागं सरकवून घालणं. कपाळ उघडं राहतं, आणि सायकलवरून माणूस बहुतेकदा पुढंच पडतो.

एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी आतला थर दबलेला असतो, ते बदला. याच कारणानं जुनं, वापरलेलं हेल्मेट विकत घेऊ नका. सायकल जुनी घ्या, पंप जुना घ्या, हेल्मेट नको. उन्हात बंद गाडीच्या मागच्या काचेखालीही ठेवू नका.

काटे: इथं खरा खर्च

वेडी बाभूळ, बोर आणि सराटे, हे तिघं मिळून माउंटन बाइकच्या जाड टायरलाही दाद देत नाहीत. सराट्याचं बोंड कसंही पडलं तरी एक तरी काटा वर असतोच, आणि वाळलेल्या गवतात ते दिसत नाही. पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या सुमारास, त्रास सर्वांत जास्त होतो.

सोबत ठेवायचं सामान असं. एक (लांब जाणार असाल तर दोन) ट्यूब, प्रत्येकी अडीचशे ते साडेतीनशे. टायर लिव्हरची, म्हणजे टायर रिमवरून उचकटायच्या पानांची, जोडी. प्लास्टिकची घ्या, लोखंडी पानं रिमला ओरखडे पाडतात. पंक्चरची डबी म्हणजे पॅच, सोल्युशन आणि घासायचा कागद, पन्नास-साठ रुपये. हातपंप, पाचशे ते सातशे. आणि मागचं-पुढचं चाक नटाचं असेल तर १५ मि.मी.चा पाना. हा पाना जवळजवळ सगळे विसरतात. स्वस्त सायकलींना झटक्यात उघडणारा दांडा नसतो, नट असतात. पाना नसेल तर हातात ट्यूब असून चाक निघत नाही.

ट्यूब घेताना टायरच्या बाजूवरचा आकडा लिहून आणा किंवा मोबाइलवर फोटो काढून आणा: २६, २७.५ की २९, आणि पुढं १.९५, २.१ किंवा २.२५ अशी रुंदी. दुसरी गोष्ट व्हॉल्व्हची. मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर कुठल्याही पंपावर हवा भरता येते. बारीक, टोकाला छोटी चकती असलेला प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर छोट्या पितळी अडॅप्टरशिवाय पेट्रोल पंपावर किंवा गावातल्या मिस्त्रीकडे काम अडतं. अडॅप्टर वीस-तीस रुपयांना मिळतं आणि खिशात मावतं, वजनाचं तर नावच नको. जाड व्हॉल्व्हची ट्यूब प्रेस्टाच्या बारीक भोकाच्या रिममध्ये जात नाही. उलट चालून जातं, फक्त मध्ये रबराची चकती घालावी लागते.

पेट्रोल पंपाच्या कॉम्प्रेसरवर हवा भरायचीच असेल तर दोन-दोन सेकंदांचे झटके द्या आणि मध्ये अंगठ्यानं दाबून पाहा. सायकलची ट्यूब लहान, डोळ्याची पापणी लवेपर्यंत ती फुगून टायर रिमबाहेर येतो.

हवा किती? साठ-सत्तर किलोच्या माणसाला, ट्यूब असलेल्या २.१ ते २.२५ इंची टायरमध्ये, माळावर ३० ते ३५ पीएसआय. पुढं दोन-तीन कमी. टायरच्या बाजूवर छापलेली वरची मर्यादा ही ‘इतकी भरा’ अशी सूचना नव्हे. ५० भरलं तर सायकल डांबरावर पळते आणि मुरमावर घसरते, शिवाय प्रत्येक दगड मनगटात कळतो. फार कमी भरली तर दगडावर आदळताना ट्यूब टायर आणि रिमच्या मध्ये चिमटली जाते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात, सापानं चावल्यासारखी. दोन भोकं दिसली की काटा शोधत बसू नका, पुढच्या वेळी हवा वाढवा. सकाळी गारव्यात भरलेली हवा दुपारी टायर वीसेक अंशांनी तापल्यावर तीनेक पीएसआयनं वाढते, तेही लक्षात असू द्या.

वाटेत पंक्चर झालं तर

रिमवर चालवत नेऊ नका. मागचं चाक असेल तर गिअर सर्वांत लहान चक्रीवर आणा, मग चाक सहज निघतं. डिस्क ब्रेक तेलाचा असेल तर चाक बाहेर असताना ब्रेकचा लिव्हर दाबू नका. पॅड आतून चिकटतात आणि चाक परत बसत नाही. मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून ठेवा.

टायरची एकच बाजू काढा, ट्यूब बाहेर ओढा. ट्यूब आणि टायर एकमेकांच्या तुलनेत कसे होते ते लक्षात ठेवा. ट्यूबमध्ये भोक जिथं, टायरमध्ये काटा तिथंच. आता टायरच्या आतून सगळीकडं जुन्या फडक्यानं पुसत फिरा. काटा असेल तिथं धागे अडकतील. नुसतं बोट फिरवलं तर बोटच फाटतं. काटा मोडून टोक आत राहिलेलं असतं, आणि नवी ट्यूब घालून शंभर मीटरवर पुन्हा पंक्चर होतं ते याचमुळं. टोक बाहेर ढकलायला डबीत एक मोठी सुई ठेवा.

नवी ट्यूब किंचित फुगवून, गोल आकार येईल इतकीच, आत घाला. टायर हातानं बसवत व्हॉल्व्हपाशी संपवा, मग व्हॉल्व्ह एकदा आत दाबून सोडा म्हणजे ट्यूब टायरच्या कडेखाली अडकणार नाही. छोट्या पंपानं तीस पीएसआयसाठी दीड-दोनशे झटके लागतात, दम लागतो, ते अपेक्षित आहे.

पॅच घरी येऊन लावा. घासा, सोल्युशन पातळ लावा, आणि थांबा. ओल्या सोल्युशनवर पॅच चिकटवणं ही सर्वांत नेहमीची चूक. चार-पाच मिनिटांत, उन्हाळ्यात त्याच्याही आत, त्याची चमक जाऊन ते कोरडं दिसू लागतं; तेव्हा पॅच लावून जोरात दाबा.

टायरमध्ये काटा दिसतोय पण हवा अजून शिल्लक आहे, आणि घर जवळ आहे? उपटू नका. काटाच बूच झालेला असतो.

सीलंट टाकावं का? ट्यूबमध्ये प्रत्येकी सुमारे १०० मि.ली. टाकलं तर सराट्याची बारीक भोकं आपोआप बुजतात. पण त्यासाठी व्हॉल्व्हचा आतला गाभा निघणारा हवा, आणि सीलंट पडलेल्या ट्यूबला पॅच नीट धरत नाही. आपल्या उन्हात ते लवकर सुकतंही, दोन-तीन महिन्यांनी बघावं लागतं. स्वस्त उपाय मिस्त्री लोकांना पूर्वीपासून माहीत आहे: जुनी ट्यूब मधोमध चिरून टायरच्या आत अस्तरासारखी बसवायची. वजन वाढतं, फिरणं थोडं जड होतं, पण रोज काट्यातून जाणाऱ्याला चालून जातं. ट्यूबलेस चांगलंच आहे, पण ते दुसऱ्या वर्षी.

पाणी आणि ऊन

मार्चपासून जूनपर्यंत सकाळी सहाला निघा, नऊच्या आत परत या. ताशी अर्धा ते पाऊण लिटर पाणी धरा. ७५० मि.ली.ची बाटली आणि फ्रेमला लावायचा पिंजरा, दोन्ही मिळून तीनशे-साडेतीनशे. फ्रेमवर बहुधा दोन बाटल्यांचे स्क्रू असतात, दोन्ही जागा वापरा. दोन तासांच्या वर जाणार असाल तर एका बाटलीत ओआरएस घाला. लिटरची पुडी लिटरभर पाण्यातच विरघळवायची. पाऊण लिटरच्या बाटलीत अख्खी पुडी टाकली तर द्रावण दाट होतं. साखर-मीठ-लिंबूही चालतं. खायला काय न्यावं याची सोलापूरकराला चिंता नको, कडक भाकरी आणि शेंगाचटणी पिशवीत दिवसभर टिकते. मात्र चटणी तिखट असेल तर पाण्याचा हिशेब वाढवा.

डोळ्यांसाठी हार्डवेअरच्या दुकानातला कामगारांचा पारदर्शक सुरक्षा-चष्मा शे-दीडशेला मिळतो. धूळ आणि चिलटं तो महागड्या चष्म्याइतकीच अडवतो.

हात, पाय, बैठक

हातमोजे पूर्ण बोटांचे घ्या, चार ते सहाशे. पडताना तळहात आधी टेकतो, आणि मुरमानं सोललेला तळहात पंधरा दिवस जेवू देत नाही.

बूट वेगळे लागत नाहीत. सपाट, कडक तळव्याचे कॅनव्हास बूट चांगले. पळायच्या बुटांचा मऊ तळवा पेडलवर वाकतो. चप्पल अजिबात नको. उजव्या बुटाची नाडी आत खोचा, नाही तर ती चेनमध्ये जाते. सायकलसोबतचे गुळगुळीत प्लास्टिक पेडल ओले झाले की पाय सटकतो. खिळ्यांचे नायलॉन पेडल सात-आठशेपासून मिळतात. बदलताना ध्यानात ठेवा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. जोर लावून क्रँक (पेडल ज्यात बसतं तो दांडा) बिघडवलेल्या सायकली नेहमी दुरुस्तीला येतात.

सीटवर घालायचं जेलचं कव्हर आम्ही विकतो, पण सुचवत नाही. ते सरकतं आणि घासतं. दुखणं खरंच असेल तर आधी सीटची उंची बघा: पेडल खाली असताना टाच ठेवल्यावर गुडघा सरळ व्हावा. तरीही दीड तासानंतर दुखलं तर पॅड असलेली शॉर्ट घ्या. तिच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नसतं, शिवण तिथंच काचते.

छोटी हत्यारं, तेल आणि चिखल

पाच-सहाशेच्या मल्टिटूलमध्ये ४, ५, ६ मि.मी. एलन की, डिस्कच्या स्क्रूसाठी टी-२५, आणि चेन तोडायचं हत्यार असलं पाहिजे. सोबत एक चेनलिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) ठेवा. मागं सात किंवा आठ चक्र्या असतील तर त्याच मापाची, नऊ किंवा दहाची वेगळी येते.

चेनला कोरडं, धुळीसाठीचं तेल. प्रत्येक जोडावर एक थेंब, पेडल उलटं फिरवा, पाच मिनिटांनी बाहेरचं सगळं पुसून टाका. इंजिन ऑइल घातलं की माती चिकटून चेन दगडी पाट्यासारखी वाटायला लागते. पुसायला टॉवेलचे कटपीस वापरा, आपल्या गावात त्यांची काय कमी. तेलाचा फवारा डिस्कवर जाऊ देऊ नका. ब्रेक किंचाळतो आणि पकडत नाही.

पावसानंतर मुरूम लवकर वाळतो, काळी माती दोन-दोन दिवस वाळत नाही. ती टायर आणि फ्रेमच्या मध्ये भरून चाक थांबलं की पेडलवर जोर देऊ नका. मागचा डेरेलर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग) ज्या कानावर टांगलेला असतो तो मोडतो, आणि तो प्रत्येक सायकलीचा वेगळा असल्यानं मागवावा लागतो. उतरा, काडीनं माती काढा, उचलून न्या. गाडी धुण्याच्या दुकानात जोराच्या फवाऱ्याखाली सायकल धरू नका, बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं.

पहाटे निघणाऱ्यांनी मागं लाल आणि पुढं पांढरा दिवा लावावा, जोडी सहाशे-नऊशेला. नान्नजकडं जाताना माळढोक अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय सायकल घालू नका.

जर्सी, क्लिपचे बूट, मोबाइल स्टँड, पुढच्या शॉकची बदली हे सगळं सध्या राहू द्या. पहिले पन्नास-साठ किलोमीटर झाले की केबल ताणतात आणि स्क्रू सैल होतात. सायकल एकदा दुकानात आणा, गिअर-ब्रेक जुळवून देऊ. येताना पंक्चर झालेली ट्यूबही घेऊन या, पॅच कसा लावायचा ते काउंटरवर दाखवतो.