निरभ्र आकाशातला चंद्र का थरथरतो?

एप्रिलमध्ये लातूर-बीडकडे रात्ररात्र ढगाचा ठिपका दिसत नाही. तरीही गच्चीवर दुर्बीण लावून चंद्राची विवरं पाहायला घेतली, की त्यांच्या कडा उकळत्या पाण्याच्या तळाशी असल्यासारख्या हलतात. दोष धुळीचा नाही. दिवसभर तापलेले पत्रे आणि काळी रानं रात्री उष्णता सोडत असतात; गरम हवा विरळ, गार हवा दाट, आणि दोन्हींतून प्रकाश वेगवेगळा वळतो. वर कित्येक किलोमीटर उंचीवर वाऱ्याचे थर एकमेकांत घुसळतात, तिथेही हेच.

यावर मोठी दुर्बीण हा उपाय नव्हे. चांगल्या जागीसुद्धा हवेचा सलग एकसारखा पट्टा जेमतेम 10 ते 20 सेंटीमीटरचा असतो. म्हणून 8 मीटरचा आरसा प्रकाश भरपूर गोळा करतो, पण बारकावे गच्चीवरच्या दुर्बिणीइतकेच दाखवतो. एवढा खर्च करून हे पदरात पडावं!

हवा हातात नाही, तर आरसाच हवेप्रमाणे वाकवावा, असं अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ होरेस बॅबकॉक यांनी 1953 मध्ये सुचवलं. ते प्रत्यक्षात यायला पुढे कित्येक दशकं गेली, कारण हवा काही मिलिसेकंदांतच रूप बदलते. चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोप या चार मोठ्या दुर्बिणींच्या संचातल्या एका दुर्बिणीत असा आरसा आहे: रुंदी 1.1 मीटर, जाडी जेमतेम 2 मिलिमीटर, आणि मागून त्याला ढकलणारी-ओढणारी 1170 विद्युतचुंबकं. या आरशावरून आलेल्या प्रकाशाचा काही भाग बारीक भिंगांच्या जाळीतून जातो. प्रत्येक भिंग एकेक ठिपका उमटवतं. ठिपका जागेवरून जितका सरकला, तितकी तिथली प्रकाशलहर कललेली. संगणक त्यावरून आरशाचा आकार ठरवतो, सेकंदाला सुमारे हजार वेळा.

मोजमापाला जवळपास एखादा तेजस्वी तारा लागतो, आणि तो पाहिजे तिथे क्वचितच असतो. मग 589 नॅनोमीटरचा पिवळा लेसर आकाशात सोडतात. सुमारे 90 किलोमीटरवर उल्कांनी मागे ठेवलेले सोडियमचे अणू त्याने उजळतात, आणि कृत्रिम तारा तयार होतो. गंमत म्हणजे अख्खं चित्र डावी-उजवीकडे किती सरकलं, हे हा तारा सांगू शकत नाही. लेसर जाताना आणि येताना त्याच हवेतून जातो, सरकणं फिटून जातं. त्यासाठी खरा, मंद का होईना, तारा शोधावाच लागतो.

पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेनेही अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेबरोबर 'रोबो-एओ' ही अशी स्वयंचलित यंत्रणा उभी केली (एओ म्हणजे अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स, हवेप्रमाणे आरसा वाकवण्याचं हेच तंत्र). ती कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या दीड मीटरच्या दुर्बिणीवर चालली. हिंगोलीत औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेला मात्र ही कटकट नाही. तिथला लेसर 4-4 किलोमीटरच्या नळ्यांतून धावणार आहे, आणि त्या नळ्यांतली हवाच काढून टाकलेली असेल.